मॅक्रेच्या घरात मॅक्रेची लेक

ओहायोतल्या डब्लिन गावात, एका दातांच्या दवाखान्याच्या माडीवर, जीन लॉरी नावाच्या बाईची दोन खोल्यांची कचेरी होती. ज्यांचे वाडवडील दीडदोनशे वर्षांमागं स्कॉटलंड सोडून अमेरिकेत आले, अशा लोकांना गटागटानं बसमध्ये घालून परत तिकडं फिरवून आणायचं, हे तिथलं काम. दहा दिवसांची सहल. किल्ले दाखवायचे, तळी दाखवायची, दारू कशी गाळतात ते दाखवायचं, आणि शेवटाला ज्याला त्याला त्याच्या मूळ गावात नेऊन उभं करायचं. गावाचं नाव आयर्लंडचं, धंदा स्कॉटलंडचा, आणि लोकांचे पूर्वज हुडकून द्यायच्या टेबलाशी बसलेली बाई जत तालुक्यातल्या बोरगेवाडीची. सुवर्णा जगदाळे. माहेरची माने.

नवं गिऱ्हाईक आलं की दारात एकदा थबकायचंच. भिंतीवर चौकड्यांची लोकरी कापडं, कोपऱ्यात भाता फुगवून वाजवायचा पावा, आणि त्याच्याखाली टिकली लावलेली, अंगानं थोराड, चष्म्यावरनं बघणारी बाई.

"मी स्कॉटलंडच्या बाईंना भेटायला आलोय," एक टाय बांधलेला गृहस्थ एकदा म्हणाला.

"त्या आत चहा करतायत," सुवर्णा म्हणाली. "तोवर बसा. तुमच्या आजीचं माहेर कुठलं?"

गृहस्थ बसला. तासाभरानं उठला तेव्हा त्याला त्याची आजी, आजीची नणंद आणि नणंदेनं कुणाशी पळून जाऊन लग्न केलं, एवढं सगळं आठवलेलं होतं. टाय सैल झालेला होता.

ही विचारायची रीत सुवर्णानं कुठल्या कॉलेजात शिकलेली नव्हती. बोरगेवाडीला दर उन्हाळ्यात हेळवी यायचा. बैलावर पाय दुमडून बसलेला, डोक्याला भलामोठा पटका, हातात घंटा. मान्यांच्या दारात आला की सुरू व्हायचा: अमक्याचा तमका, तमक्याला तीन ल्योक, मधला बिनवारस, धाकटा विजापूरकडं गेला. सात पिढ्या घडाघडा. सगळ्या घराण्यांच्या याद्या त्याच्या पोतडीत आणि पोतडीपेक्षा जास्त डोक्यात. नवं पोर झालं असलं तर ते तो लिहून घ्यायचा, सुपातनं जोंधळा घ्यायचा आणि पुढच्या दारात जायचा. लहान सुवर्णा त्याच्या मागं मागं अर्धं गाव फिरायची. तो सांगतो कसं यापेक्षा विचारतो कसं, याकडं तिचं ध्यान असायचं. हेळवी कधी "तुमच्या आज्याचं नाव काय" असं सरळ विचारायचा नाही. "आज्याच्या मयताला खांदा कुणी दिला?" असं विचारायचा. माणूस नाव विसरतो, खांदा देणारा विसरत नाही.

राजेशबरोबर लग्न होऊन ती आधी पुण्याला आली आणि मग नव्व्याण्णव साली, त्याला कंपनीनं पाठवलं म्हणून, ओहायोत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करायची परवानगी नव्हती. पाच वर्षं तिनं भाकऱ्या थापल्या, लेकीला शाळेत सोडलं, आणलं, बर्फ लोटला. घरात बसून डोकं आंबायला लागलं तेव्हा गावच्या वाचनालयात फुकट काम करायला जायला लागली. तिथं म्हातारी माणसं जुन्या नोंदींच्या फिल्मा यंत्रात घालून डोळे ताणत बसायची. सुवर्णा पुस्तकं लावता लावता त्यांच्या खांद्यावरनं बघायची.

एक दिवस जीन लॉरी तिथं कपाळाला हात लावून बसलेली. सुवर्णा मागनं म्हणाली, "ही बहीण नव्हं, भावजय आहे. साक्षीदार बघा की. लग्नाला सही करणारा तिचा भाऊ आहे, आडनाव दुसरं."

जीननं चष्मा काढला. "तू कोण?"

"मी पुस्तकं लावते."

दोन हजार पाचला ग्रीन कार्ड आलं आणि पुढच्या सोमवारी सुवर्णा दातांच्या दवाखान्याच्या माडीवर कामाला लागली.

"तुला त्या लोकांचे खापरपणजोबा पाठ आहेत, आणि माझी मीटिंग कधी आहे ते लक्षात राहत नाही, यार," राजेश म्हणायचा.

"तू मेल्यावर ठेवीन की ध्यानात."

लेक शिवांगी तेव्हा चौदा वर्षांची. ती आपल्या मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम इज लाइक गूगल फॉर डेड पीपल." सुवर्णाला ते आवडलं. तिनं ते आईला फोनवर सांगितलं. आईनं विचारलं, "गूगल कुठल्या जातीचा?"

* * *

रॉय मॅक्रे आला दोन हजार सहाच्या जानेवारीत. वय चौऱ्याऐंशी. बेलफाउंटनच्या बाजूचा डुकरं पाळणारा शेतकरी. हाताची बोटं फावड्याच्या दांड्यागत. त्याचं इंग्रजी शहरातल्या लोकांसारखं गुळगुळीत नव्हतं, शब्द चावून टाकलेले असायचे, आणि त्यामुळंच की काय, सुवर्णाच्या कानात शिरेपर्यंत ते जतच्या बोलीत उतरलेलं असायचं.

"माझा पणजा फिनले मॅक्रे," तो म्हणाला. "तेविसाव्या वर्षी आला, अठराशे चौतीसला. आई तिकडंच ऱ्हायली. बोटीत बसताना तिला म्हणाला, घर झालं की तुला न्ह्यायला येतो. गेला न्हाई. माझा आज्जा म्हणायचा मी जातो. गेला न्हाई. बाप म्हणायचा मी जातो. त्यो बी न्हाई गेला. डुकरं टाकून कुणाला जाता येतंय?"

"आणि तुम्ही?"

"म्या डुकरं इकली."

त्यानं खिशातनं तंबाखूची जुनी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत माती होती. फिनलेला जिथं पुरलं, त्या ओहायोच्या शेतातली. त्याला ती फिनलेच्या आईच्या थडग्यावर नेऊन टाकायची होती. त्याला धरून पोरं, सुना, नातवंडं मिळून अठराजण जाणार होते.

"मला परत जायाला जमायचं न्हाई," तो म्हणाला. "तवा बाई, म्हातारी कुठं पुरलीया तेवढं नीट बघून ठेव. बाकी किल्लेबिल्ले काय बी दाखवा."

सुवर्णानं ते मनावर घेतलं. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदी तोवर संगणकावर आलेल्या होत्या. फिनलेच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली: अठराशे अकरा, बाप डंकन मॅक्रे. आईचं नाव त्या पाद्र्यानं लिहिलेलंच नव्हतं. मग डंकनचं लग्न हुडकायचं. तर त्या भागात लग्नं केलेले डंकन मॅक्रे निघाले दोन. एकाची बायको इझाबेला मॅथेसन, किलडोरन गावची. दुसऱ्याची बायको कॅथरिन मॅक्रे, डोंगरापलीकडच्या आर्डव्हॅनीची.

दुसरी नोंद वाचून सुवर्णा हसली. मॅक्रेच्या घरात मॅक्रेची लेक? एका आडनावाची, एका खोऱ्यातली, म्हणजे भाऊबंदच. बहीणभाऊ. सोयरीक कशी होईल? मामाची पोरगी करा, आत्याची करा, भावकीतली कोण करतंय? कारकुनानं झोपेत लिहिलं असणार. तिनं लाल पेन्सिलीनं त्या नोंदीवर काट मारली आणि समासात लिहिलं: "नोंदीत चूक." मग इझाबेला मॅथेसनच्या मागं लागली. किलडोरनच्या दफनभूमीच्या यादीत तिचं नाव मिळालं, पाचव्या रांगेत. सहलीच्या कागदावर तिनं स्वतः टाइप केलं: आठवा दिवस, गुरुवार, सकाळी दहा, किलडोरन.

रॉयला फोन केला तर त्यानं नाव परत विचारून लिहून घेतलं. मग म्हणाला, "इझाबेला. बरं नाव हाय."

मेच्या मध्यावर मंडळी विमानात बसली.

* * *

आठव्या दिवसाच्या आदल्या सकाळी, बुधवारी सात वाजता, सुवर्णानं डबा भरता भरता कॉलिंग कार्डावरनं आईला फोन लावला. तिकडं संध्याकाळचे साडेचार.

"हेळवी आल्ता काल," आई म्हणाली. "म्हाताऱ्या हेळव्याचा ल्योक आता. बैल त्योच गरीब."

"काय म्हणला?"

"आगं, आपल्या शंकर मान्याच्या पोराला पोरगी सांगून आलीया. सांगोल्याकडची. ती बी मान्याचीच."

सुवर्णाचा हात थांबला. "मान्याला मानेच? काय येड लागलंय का शंकर्‍याला?"

"मला बी तसंच वाटलं. सगळी तोंडाला पदर लावून बसल्याली. तर हेळव्यानं पोतडी सोडली, दोन्ही घराणी वाचली आणि म्हणला, आडनाव एक असलं म्हणून काय झालं? ह्येंचं देवक निराळं, त्येंचं निराळं. मूळ पुरुष निराळा. खुशाल करा सोयरीक. आता सुपारी फुटती बग शुक्रवारी." आई जरा थांबली. "सुवे? ऐकतीस न्हवं?"

"ऐकतीया."

"मग बोल की. कार्ड पळतंय तुजं."

"आई, ठेवते. माझं काहीतरी करपायला लागलंय."

चुलीवर काहीच नव्हतं. लग्नात ज्या झाडापानाची पूजा करतात ते देवक एक निघालं तर सोयरीक मोडते, आडनावानं नाही, हे तिला लहानपणापासनं ठाऊक होतं. बोरगेवाडीत अर्धं गाव माने, आणि त्यात तीन कुळ्या. हे ठाऊक असून तिनं स्कॉटलंडच्या एका बाईचं अख्खं लग्न लाल पेन्सिलीनं मोडून टाकलं होतं.

"काय झालं?" राजेश मोजे हुडकत आला.

"मी एका म्हाताऱ्याच्या पणज्याची आई बदलली."

"परत मिळेल ना? आय मीन, बॅकअप आहे?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. राजेश मोजे न घालताच बाजूला झाला.

* * *

आठ वाजता तिनं कचेरी उघडली. स्कॉटलंडात दुपारचा एक. जानेवारीतली फाइल काढली, लाल काट बघितली आणि सगळं पहिल्यापासनं वाचलं. जीन आली तेव्हा टेबलावर कागद पसरलेले आणि सुवर्णा उभी.

सुवर्णानं आडपडदा न ठेवता सांगितलं. कुठली नोंद खोडली, का खोडली.

जीन कोट न काढताच खुर्चीत बसली. "एक आडनाव म्हणून?"

"आमच्याकडं नाही करत."

"सुवर्णा, त्या खोऱ्यात सगळेच मॅक्रे. आडनावाला तिथं कुणी विचारत नाही. काळा डंकन, लंगडा डंकन, गिरणीवाला डंकन, असं म्हणतात एकमेकांना."

सुवर्णाला बोरगेवाडीतला गिरणीचा माने आठवला. टकल्या माने आठवला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"पण म्हणून ही कॅथरिनच खरी असं कुठं आहे?" जीन म्हणाली. "तुझी इझाबेला पण बरोबर असू शकते. फिनलेच्या पोरींची नावं काय?"

"थोरली मार्गारेट. बायकोच्या आईचं नाव."

"आणि दुसरी?"

त्या लोकांत दुसऱ्या पोरीला बापाच्या आईचं नाव ठेवायची चाल. सुवर्णानं कागदाकडं न बघताच सांगितलं, "कॅथरिन." जानेवारीत हे नाव तिला दिसलेलं होतं. तेव्हा तिनं ते कुठल्यातरी मावशीचं असंल म्हणून सारून दिलेलं. एकदा काट मारली की माणूस काटेच्या बाजूनंच बोलायला लागतो.

उद्या सकाळी दहाला चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, तीन पिढ्यांनी न पाळलेला शब्द पाळायला म्हणून, भलत्याच बाईच्या उशाशी माती टाकणार होता. ती माती परत उचलून आणता येणारी नव्हती आणि त्याला परत जाता येणार नव्हतं.

"मला ओरडा तरी," सुवर्णा म्हणाली.

"आधी फोन लाव. ओरडायला दिवस पडलाय."

बसबरोबर ॲलस्डर नावाचा माणूस होता. गाडी तोच चालवायचा, माहिती तोच सांगायचा, गाणी म्हणायचाही तोच. त्याचा मोबाइल डोंगरात लागेना. सुवर्णानं दर वीस मिनिटांनी लावला. मग मुक्कामाच्या हॉटेलला फोन केला. तिथल्या बाईचं इंग्रजी जीनलासुद्धा दोनदा विचारायला लागलं असतं, पण सुवर्णाला सरळ कळलं. दोघीही शब्द तोंडात घोळवून बोलणाऱ्या.

"ते सहाशिवाय येत नाहीत गं," ती बाई म्हणाली. "आले की आधी तुझ्याकडं फोन देते, मग सूप देते."

सहा म्हणजे इथले दुपारचे एक. सुवर्णानं तोवर आर्डव्हॅनीची दफनभूमी काढली, नकाशा काढला, डोंगरातला रस्ता काढला. एकेरी रस्ता, मोठी बस जाणार नाही. जीननं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही निवले. डबा पिशवीतनं बाहेरच आला नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी हॉटेलातनं फोन आला.

"सुवर्णा?" ॲलस्डरचा आवाज दबका होता. "बरं झालं तूच हुडकत होतीस. उद्या पाऊस सांगितलाय, म्हणून मी आज दुपारीच सगळ्यांना किलडोरनला नेऊन आणलं."

सुवर्णानं विचारलं, "माती टाकली त्यांनी?"

"तेच तर. कुणाला काही बोलत नाही म्हातारा. सूप पुढं तसंच आहे. दोनदा मला म्हणाला, त्या ऑफिसातल्या बाईंशी बोलायचंय. थांब, देतो."

फोनवर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग रॉयचा घसा.

"बाई, बसलीयास का उभी हायस?"

"उभी."

"मग बस. मला तुला एक सांगायचंय, पर तू मनाला लावून घिऊ नगंस."

"मलाही तुम्हाला एक सांगायचंय."

"माझं आधी. म्हातारं मानूस हाय मी, इसरंन." त्यानं श्वास घेतला. "आज त्या दगडाफुडं हुबा ऱ्हायलो. पोरं मागं रांगंत. थोरल्या सुनंनं कॅमेरा काढला. म्या वाचलं. इझाबेला मॅथेसन, डंकन मॅक्रेची बायको, मेली अठराशे नऊ साली. आता फिनले जलमला अठराशे अकराला. बाई, साठ वर्सं म्या डुकरं पाळली. मेल्याली डुकरीन दोन सालांनी व्याल्याली म्या तरी बगितली न्हाई."

सुवर्णा खाली बसली.

"माती?" तिनं विचारलं.

"हाय की खिशात. वरनं बटन लावलंय."

तिला एकदम हसायला आलं. हसता हसता नाक गळायला लागलं. जीन दारात उभी होती, तिला सुवर्णानं हातानंच खूण केली, नाही टाकली म्हणून. जीननं तिथंच दाराला डोकं टेकलं.

"तू हसतीयास का रडतीयास?" रॉयनं विचारलं.

"हसते."

"मग बरं. पोरांस्नी म्हणलं, वारं लई हाय, माती उडून जाईल, उद्या बघू. त्यास्नी काय कळलं न्हाई. पर मला जेवान जाईना. म्हणलं त्या बाईनं येवढं खपून काढल्यालं, आता तिला कसं सांगायचं? ती बया तुला कामावरनं काढंल का काय, असं बी वाटलं."

"ती बया इथंच उभी आहे."

"मग म्या काय बोललो न्हाई."

सुवर्णानं नाक पुसलं आणि त्याला सगळं सांगितलं. दुसरा डंकन, कॅथरिन, लाल पेन्सिल. आमच्याकडं एका आडनावात लग्न करत नाहीत, म्हणून मला ती नोंद खोटी वाटली. चूक माझी.



"मॅक्रेनं मॅक्रेची करायची न्हाई," रॉय सावकाश म्हणाला. "मग त्या डोंगरात त्येनं करायची कुणाला? मेंढीला?"

"ते मला कळायला पाहिजे होतं."

"कळायचं कशाला? तू इचारायचं. माझ्या आज्ज्याच्या मयताला खांदा कुणी दिला ते इचारलंस. माझ्या आत्यानं नवरा का सोडला ते इचारलंस. येवढंच तेवढं न्हाई इचारलंस. म्या सांगितलं असतं, आमच्यात निम्मी लग्नं मॅक्रेमॅक्रेचीच हुती म्हणून."

हे मात्र लागलं. ओरड्यापेक्षा बरं लागलं. बोरगेवाडीच्या हेळव्यानं पोतडी सोडून दोन्ही घराणी वाचली होती, मग बोलला होता. सुवर्णा वाचायच्या आधीच बोलून बसली होती.

"आता म्हातारी कुठं हाय ते सांग," रॉय म्हणाला, आणि फोन जरा लांब धरून ॲलस्डरला, "त्या पोरीला म्हणावं सूप गरम करून आन."

* * *

गुरुवारी पाऊस आलाच. ॲलस्डरनं हॉटेलची सामान आणायची छोटी गाडी मागून घेतली आणि डोंगरावरनं तीन फेऱ्या करून अठरा मॅक्रे आर्डव्हॅनीला नेले. सकाळी आठ वाजता सुवर्णानं कचेरीचं दार उघडलं तेव्हा फोन वाजतच होता.

"दगड दोन तुकड्यांत आहे," ॲलस्डर सांगत होता. "वर हे एवढं शेवाळ. म्हाताऱ्यानं चाकूनं खरवडलं. नाव निघालं. कॅथरिन मॅक्रे, डंकन मॅक्रेची बायको, मेली अठराशे एक्केचाळीसला. खाली मुलांची नावं आहेत. शेवटचं फिनले, आणि त्याच्यापुढं लिहिलंय, अमेरिकेत गेला."

"आणि रॉय?"

"टाकली माती. चिखलच झाला तिचा, पावसानं. सुनेनं विचारलं, काही बोलणार का? तर म्हणाला, आलोय म्हणून सांगितलं तिला, आणखी काय बोलायचं. मग गाडीत बसून दोन सँडविच खाल्ली. आता माझ्या वाटणीचं बघतोय."

फोन ठेवल्यावर सुवर्णाला भूक लागली. साधीसुधी नाही, शेतातनं आल्यावर लागते तशी. कालचा डबा तिनं घरी जाताना फ्रिजमध्ये ठेवलेला होता. दोन भाकऱ्या, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा. तिनं कांदा टेबलावर मुठीनं फोडला आणि कॅथरिन मॅक्रेच्या फायलीशेजारी बसून सकाळी साडेआठ वाजता दोन्ही भाकऱ्या संपवल्या. लसणाचा वास जिन्यातनं खाली दवाखान्यापर्यंत गेला. जीननं खिडकी उघडली, परत येऊन बोटानं ठेचा चाखला आणि अर्धा तास पाणी पीत फिरली. ओरडायचं होतं ते तिच्या ध्यानातनंच गेलं, किंवा तोंड भाजल्यामुळं राहिलं.

रॉय जूनमध्ये कचेरीत आला. फोटो दाखवले. तंबाखूची तीच पिशवी त्यानं परत आणलेली होती. आता तिच्यात आर्डव्हॅनीची माती होती, फिनलेच्या थडग्यावर टाकायला. विमानतळावर अडवलं नाही का, असं सुवर्णानं विचारलं तर म्हणाला, "मोज्यात घातली हुती. म्हाताऱ्याचा मोजा कोण हुंगतंय?"

पुढं दोन हजार आठला बाजार बसला, लोकांनी सहली पुढं ढकलल्या, वर्षाला सहा बस जायच्या त्या दोनावर आल्या. दुसऱ्या खोलीचं भाडं नको म्हणून जीननं तिचं टेबल सुवर्णाच्या टेबलाला लावलं. पण पूर्वज हुडकून मागणारे यायचे थांबले नाहीत. जाता येत नाही तर निदान नाव तरी कळू दे, म्हणायचे. सुवर्णानं येणाऱ्याला भरायला द्यायच्या कागदावर एक नवा प्रश्न घातला होता: तुमच्याकडं लग्नं कुणाकुणात होतात, कुणाकुणात होत नाहीत? जीननं विचारलं होतं, हा प्रश्न कशाला, लोक बिचकतील. सुवर्णा म्हणाली, बिचकू देत, मी विचारणार.

त्या ऑक्टोबरात डेटनहून एक शाळामास्तरीण आली. कागद भरता भरता तिचा हात त्या प्रश्नापाशी अडला. तिनं आवाज खाली घेतला.

"सांगायला जरा कसंतरी वाटतं," ती म्हणाली. "माझे पणजी-पणजोबा दोघंही ग्रँट होते. लग्नाच्या आधीपासून."

सुवर्णानं लाल पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली आणि खुर्ची पुढं ओढली.

"अहो, चालतंय की," ती म्हणाली. "देवक निराळं असंल. आता मला सांगा, पणजीच्या मयताला कोण कोण आलं होतं?"